खराब लोकरीचं काय करायचं? आधी बघा, ती धुवावी लागणार आहे का

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीस-एक मेंढ्या आहेत, पाठीची चांगली लोकर हातोहात जाते, आणि मागे उरतं ते पोटाचं, पायांचं, शेपटीभोवतालचं, गुंतलेलं, पिवळं पडलेलं. दोन हंगामांची मिळून पाच पोती, अंदाजे ४० किलो. फुकटही कोणी नेत नाही. एक पोतं धुऊन बघितलंत तर दोन दिवस गेले आणि हाती पिशवीभर राठ लोकर आली. आता विचारताय, जाळून टाकू का, की हिचं खरंच काही होतं?

जाळू नका, हे आधी सांगते. लोकर धड जळतच नाही. तिला पेटायला ५७० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, आणि जाळ बाजूला केला की ती बहुधा आपली आपण विझते. मग ढीग दिवसभर नुसता धुमसत राहतो. लोकरीत नत्र आणि गंधक दोन्ही भरपूर, त्यामुळे त्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात. वास तर विचारूच नका. खड्डा खणून एकगठ्ठा पुरूही नका. ते का, ते पुढे येईलच, कारण तो उद्योग मी केलेला आहे.

तुमच्या लिहिण्यातली मला खटकलेली गोष्ट म्हणजे ते दोन दिवस. लोकरीच्या कामात सगळ्यात महाग काम धुणं, आणि तुम्ही ते सगळ्यात स्वस्त मालावर केलंत. पाणी लागतं, ते तापवायला जळण लागतं, साबण लागतो, वाळवायला जागा लागते, आणि एवढं करून वजन घटतं. बऱ्या कच्च्या लोकरीतून धुतल्यावर ४० ते ७० टक्के तंतू हाती येतो. पोटाच्या आणि शेपटीच्या लोकरीत त्याहूनही कमी, बाकी सगळी माती, लेंड्या, मेण आणि घामाचे क्षार. सुरुवातीची तीन-चार वर्षं मीही हेच केलं. "फुकट मिळालंय, वाया कशाला घालवायचं" म्हणत सुट्टीचे दिवस टबापाशी काढले. आता माझा नियम साधा आहे. हलक्या लोकरीसाठी आधी बिनधुतलेले उपयोग संपवायचे. नुसत्या गार पाण्यात बुचकळून चालेल अशी कामं त्यानंतर. गरम पाणी आणि साबण फक्त तेव्हाच, जेव्हा ती वस्तू माणसाच्या हाताखाली किंवा घरात राहणार असेल.

हे सगळं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही खरं. तुमच्याकडे झाडं लावायला जमीन आहे का, मेंढ्यांना गोचिडांसाठी औषधाची आंघोळ कधी घातली होती, हिवाळ्यात हाताला काम हवंय की उलट वेळच नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे मी क्रमाने जाते, तुमचं तुम्ही निवडा.

आधी पोतं ओता. "खराब" हा एक शब्द झाला, पण पोत्यात चार तऱ्हेचा माल असतो. मी अंगणात जुनी चादर पसरते आणि चार ढीग करते. पहिला शेणालेंडीचा, म्हणजे मागच्या पायांवरच्या त्या बटा, ज्यांत लेंड्या वाळून खड्यासारख्या टणक झालेल्या असतात. दुसरा गुंत्याचा, मेंढीच्या अंगावरच जमून ज्याचा जाड पट्टा झाला आहे तो. तिसरा आखूड तुकड्यांचा. कातरणाऱ्याने एकाच जागी दुसऱ्यांदा कात्री फिरवली की बोटाच्या पेराएवढे तुकडे पडतात ते, आणि त्यांच्यासोबत पोटाची आखूड लोकर. चौथा ढीग लांब पण राठ लोकरीचा, ज्यात मधूनमधून खडूसारखे पांढरे, ठिसूळ केस दिसतात. ते केस आतून पोकळ असतात, रंग धरत नाहीत आणि सुतातून गळत राहतात.

चौथ्या ढिगाची एक परीक्षा घ्या. त्यातली पेन्सिलीएवढी जाड बट उपसा. दोन्ही टोकं घट्ट धरून कानाजवळ न्या आणि एक झटका द्या. तारेसारखा टण् आवाज आला तर तंतू धड आहे. चर्र असं ऐकू आलं आणि बट एका ठराविक उंचीवर तुटली, तर त्या मेंढीचे मधले काही दिवस वाईट गेलेत, आजारपण, उपासमार किंवा जड वीण. त्या दिवसांत तंतू बारीक वाढतो आणि नेमका तिथेच तुटतो. अशी लोकर सुताच्या किंवा विणकामाच्या उपयोगाची नाही. भरायला आणि मातीला मात्र ती चांगल्या लोकरीइतकीच चालते. या कामांना तंतूची ताकद लागतच नाही.

हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी. अचानक मेलेल्या जनावराची लोकर कशालाही वापरायची नाही. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या गिरण्यांमध्ये लोकर निवडणारे मजूर ताप येऊन, धाप लागून काही दिवसांतच दगावत. हा काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा फुप्फुसांत होणारा प्रकार आहे, हे तिथल्या जॉन हेन्री बेल या डॉक्टरने १८८० च्या सुमारास दाखवून दिलं. त्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि लोकरीत वर्षानुवर्षं टिकतात. क्यू फीवर हा जिवाणूंमुळे होणारा तापही मेंढ्यांच्या विणीच्या घाणीतून आणि धुळीतून येतो. म्हणून कोरडी घाणेरडी लोकर झटकताना नाकातोंडावर मास्क, हातात मोजे, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला या कामापासून लांब ठेवायचं. दुसरी गोष्ट औषधाची. गोचीड-उवांसाठी वापरतात ती सायपरमेथ्रिनसारखी औषधं लोकरीतल्या मेणात मुरून बसतात, आणि मासे व पाण्यातले किडे यांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात. औषध घातल्यावर किती दिवसांनी लोकर वापरायची हे बाटलीवर लिहिलेलं असतं. ते पाळा, आणि अशी लोकर धुतलेलं पाणी ओढ्या-तळ्याकडे जाऊ देऊ नका.

आता मातीकडे येते, कारण तुमच्या ४० किलोंपैकी निम्म्याहून जास्त माल तिकडेच जावा असं माझं मत आहे.

लोकर म्हणजे केराटिन, आपल्या नखा-केसांतलंच प्रथिन. स्वच्छ कोरड्या लोकरीत वजनाच्या साधारण १६ टक्के नत्र असतं, तीन-चार टक्के गंधक. तुमच्या ४० किलोंत निम्मा तंतू धरला तरी २० किलो, म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतं, तेव्हा हे झालं साधारण सात किलो युरियाएवढं. आकडा छोटा वाटेल. पण युरिया एका पावसात वाहून जातो, आणि लोकर तेच नत्र वर्ष-दीड वर्ष थोडं थोडं सोडते. केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि ते पूल तोडायला जिवाणूंना वेळ लागतो. लेंड्यांचं खत वर फुकट. इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधले शेतकरी गिरण्यांमधला लोकरीचा कचरा पिढ्यानपिढ्या शेतात घालत आलेत, त्यामुळे ही काही कालपरवाची हौस नव्हे.

आता माझा तो उद्योग. पहिल्या वर्षी मी घाण लोकर तशीच्या तशी, अख्खी, कंपोस्टच्या ढिगात टाकली आणि वर पाला लोटला. दोन वर्षांनी ढीग उपसायला गेले तर फावडं अडलं. ओढून काढलं तर लोकरीचं आख्खं आसन बाहेर आलं, घट्ट, जवळजवळ जसंच्या तसं, वरून ओलं आणि आतून कोरडं ठणठणीत! कच्च्या लोकरीवर मेणाचा थर असतो, तो पाणी आत शिरू देत नाही. पाणी नाही तर जिवाणू नाहीत. एकगठ्ठा पुरू नका म्हटलं ते यासाठी.

तेव्हापासूनची पद्धत अशी. लोकर पिंपात टाकायची, वर दगड ठेवायचा आणि दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायची. मग मुठीएवढे तुकडे फाडून पाल्यात विस्कटायची, थर लावायचे नाहीत. पाला किती, हा खरा प्रश्न. कंपोस्टला कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण २५-३० ला १ असं मानवतं. लोकरीत ते जेमतेम ३ ला १ आहे, म्हणजे नत्र फारच जास्त. हिशेबाने एक किलो कच्च्या लोकरीला सात-आठ किलो वाळका पाला लागतो. पण लोकर सावकाश कुजते, सगळं नत्र एकदम बाहेर येत नाही, त्यामुळे पाच किलोंतही भागतं. ढिगाजवळ गेल्यावर अमोनियाचा वास नाकात झोंबला तर पाला कमी पडलाय, बस्स, दुसरं काही मोजायची गरज नाही. ढीग ५५ अंशांच्या वर तापला पाहिजे आणि दोन-तीनदा उलटला गेला पाहिजे. सहा ते नऊ महिन्यांत काळं खत होतं. चाळताना थोडे तंतू चाळणीवर उरतात, ते पुढच्या ढिगात टाकायचे.

ढीग तापणं महत्त्वाचं का? लोकरीतलं गवताचं बी. मेंढी चालतं-फिरतं बियाण्याचं दुकान असते. स्कॉटलंडमध्ये गॅलाशील्स गावाजवळ, ट्वीड नदीच्या काठी, आयडा हेवर्ड या बाईंनी परमुलखातली तीनशेहून जास्त जातींची झाडं-गवतं नोंदवली होती. ती सगळी परदेशातून आलेल्या लोकरीतून, गिरण्यांच्या सांडपाण्याबरोबर तिथे पोचलेली. त्यांची ती यादी १९१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तुमच्या लोकरीत कुसळं आणि गोखरू असतील तर न कुजवता ती भाजीच्या वाफ्यात घालू नका. फळझाडाखाली चालेल.

झाडाखालचं आच्छादन हा गुंत्याच्या ढिगाचा सगळ्यात सोपा उपयोग, कारण जो दोष म्हणून तो पट्टा बाजूला काढला तोच इथे गुण होतो. सलग पट्टा हवा तेवढा तयारच मिळतो. जमीन आधी भिजवून घ्या, कोरड्या जमिनीवर लोकर टाकली तर वरून पाणी जाणार नाही आणि झाड तहानेल. घाण बाजू खाली, जाडी तीन बोटं, आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी. ही मोकळी जागा विसरू नका, ओली लोकर सालीला लागून राहिली तर साल कुजते आणि उंदीर त्या उबेत बिऱ्हाड करतात. कडेला दगड ठेवा, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात बाग म्हाताऱ्या माणसाच्या दाढीसारखी दिसायला लागते. पक्षी घरट्यासाठी चिमटी-चिमटी नेतील, नेऊ द्या. एक-दोन पाऊस झाले की लोकर बसते, करडी होते आणि दिसेनाशी होते. खालचं तण वर्षभर तरी डोकं वर काढत नाही. फक्त जिथे गवत कापायचं यंत्र फिरतं तिथे घालू नका. तंतू आसाभोवती गुंडाळला गेला की तो चाकू घेऊन, उताणं पडून सोडवावा लागतो.

कुंड्यांसाठी आखूड तुकडे उत्तम. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ ओली न वाटता तंतूच्या आत धरून ठेवते, आणि तंतूंच्या मधे साचणारं पाणी वेगळंच. कुंडीच्या खालच्या तिसऱ्या भागात विस्कटलेली मूठभर लोकर मातीत मिसळली की पाणी घालायचा एखादा दिवस चुकला तरी रोप मान टाकत नाही. कोवळ्या रोपांना मात्र नको, कच्च्या लोकरीतले क्षार आणि सुटणारा अमोनिया त्यांची मुळं जाळतात.

लोकरीने गोगलगायी येत नाहीत असं तुम्ही ऐकलं असेल. मीही उत्साहाने वाफ्याभोवती लोकरीचं कडं केलं होतं, आणि सकाळी गोगलगाय त्या कड्यावरच ऐसपैस बसलेली दिसली. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये अंड्याची टरफलं, तांब्याची पट्टी, लोकरीच्या गोळ्या असे पाच घरगुती उपाय तपासले, तेव्हा त्यांतल्या एकानेही पानांचं नुकसान कमी केलं नव्हतं. मातीसाठी म्हणून घाला, गोगलगायीसाठी नको.

आणि पिंपातलं ते तपकिरी पाणी फेकू नका. मेंढीच्या घामात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते गार पाण्यातसुद्धा विरघळतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये लोकर धुतलेल्या पाण्यातून पोटॅश काढत असत. लोकर औषधाची नसेल तर एक तांब्या पाण्यात दहा तांबे साधं पाणी मिसळून झाडांना द्या. याच क्षारांचा आणखी एक फायदा आहे. पावसाचं मऊ पाणी घेऊन त्यात लोकर आठ-दहा दिवस झाकून ठेवली तर ते पाणी स्वतःच साबणासारखं होतं, आणि पुढची लोकर त्यातच बुचकळली की बरीचशी माती आणि घाण सुटते. साबण नाही, जळण नाही. वास इतका भयंकर की पिंप घरापासून लांबच हवं, आणि हातांचा वास दोन दिवस जात नाही. वाळल्यावर लोकरीचा वास मात्र जातो. हलक्या लोकरीला मी एवढंच धुणं देते.

इथवर पहिला आणि दुसरा ढीग संपला, तिसऱ्यातला अर्धाही. साबणाचा एक थेंब न वापरता तुमची तीन पोती रिकामी झाली.

उरलेल्या आखूड लोकरीचे दोन बिनधुण्याचे उपयोग आणखी आहेत. पहिला तेल टिपायचा. लोकर पाणी झटकते पण तेल ओढून घेते, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट. यंत्रांची दुरुस्ती करणारं कोणी ओळखीचं असेल तर जुन्या जाळीच्या पिशवीत लोकर भरून उशा करून द्या. सांडलेल्या ऑइलवर टाकायला भुशापेक्षा बऱ्या, आणि पिळून परत वापरता येतात. जवसाच्या तेलाला मात्र त्या लावू नका. ते तेल वाळताना गरम होतं, आणि तेलाने माखलेल्या चिंध्या किंवा तंतू ढिगात पडून राहिले तर आतल्या उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतात. दुसरा उपयोग मातीच्या गिलाव्यात. चिखलात बोटभर लांबीचे तंतू कालवले की भिंत वाळताना भेगा कमी पडतात, आणि इथे राठ केसाळ लोकर मऊ लोकरीपेक्षा सरस. ती चिखलात गोळा होत नाही, सुटी पसरते. चुन्याच्या गिलाव्यात तिचा तेवढा भरवसा नाही, ओल्या चुन्यात लोकर विरत जाते. घालायचीच तर अगदी लावायच्या वेळी कालवा, कालवून साठवू नका.

घरात येणाऱ्या वस्तूंसाठी धुवावं लागतंच. तेव्हा ते एकदाच आणि नीट करू. लोकरीतलं मेण ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून पाणी ६० अंश, हात जेमतेम सोसवेल त्याच्या पुढचं. भांड्यांचा सौम्य द्रव साबण, धुण्याचा सोडा नाही. खार लोकरीला खातो, कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात तर ती काही मिनिटांत विरघळून जाते. लोकर जाळीच्या पिशवीत घालून बुडवा आणि वीस मिनिटं हात लावू नका. चोळलीत, ढवळलीत किंवा गरमातून एकदम गारात टाकलीत की ती आटते आणि तिचा दगड होतो. पाणी पार गार होईपर्यंत वाटही बघू नका, नाहीतर सुटलेलं मेण परत तंतूंवर जाऊन बसतं. मग तितक्याच गरम साध्या पाण्यात दोनदा खळबळा.

या धुतलेल्या आखूड लोकरीची मी सगळ्यात जास्त वापरलेली वस्तू म्हणजे ऊबपेटी. पातेल्यापेक्षा चार-पाच बोटं मोठी लाकडी पेटी किंवा टोपली, तळाला आणि कडेला जाड कापडाच्या शिवलेल्या गाद्यांत भरलेली लोकर, आणि वर तशीच एक गादी. उकळी आलेलं पातेलं झाकणासकट आत ठेवायचं आणि आच बंद. आतलं शिजत राहतं, इंधन निम्म्यावर येतं. लोकर दाबून भरू नका, ऊब धरते ती तंतूंच्या मधली हवा. गादी दाबली की तळहाताला उसळी जाणवली पाहिजे. राठ लोकर इथेही मऊ लोकरीपेक्षा चांगली, ती लवकर चपटी होत नाही.

हाच भराव दाराखालच्या वाऱ्याला अडवणाऱ्या लांब गुंडाळीत, कुत्र्याच्या गादीत, बागेत गुडघे टेकायच्या उशीत चालतो. थोडं मेण राहिलेली लोकर टाचण्यांच्या उशीत भरा, सुया गंजत नाहीत. मधमाश्या पाळणारं कोणी असेल तर पेटीच्या झाकणाखाली ठेवायला थंडीत अशी गादी मागतात. ती चारी बाजूंनी घट्ट शिवूनच द्या, मोकळ्या तंतूंत माश्यांचे पाय अडकतात.

राहिला चौथा ढीग, लांब आणि राठ. टण् आवाज आला असेल तर सूत कातायच्या भानगडीत न पडता खुंट्यांच्या मागावर जाडजूड पट्ट्या विणा. एका लाकडी पट्टीत बोटभर जाड खुंट्या ओळीने ठोकलेल्या, प्रत्येक खुंटीच्या बुडाशी भोक आणि त्यात ओवलेला पक्का दोरा. न कातलेली लोकर हाताने लांबवत, किंचित पीळ देत, खुंट्यांच्या आतबाहेर नागमोडी फिरवायची. खुंट्या भरल्या की एकेक उपसून लोकर दोऱ्यांवर खाली सरकवायची. गार पाण्यात धुतलेली लोकर पुरते, वस्तू झाल्यावर ती अख्खीच एकदा धुवायची. संध्याकाळी दोन तास बसलं तर आठवड्यात एक बसकर होते. एका बसकराला दोन-तीन किलो लोकर सहज जाते, त्यामुळे साठा भराभर उतरतो.

नमदा, म्हणजे न विणता लोकर दाबून-जमवून केलेलं जाड कापड, करावा का, हे लोकरीलाच विचारा. चिमूटभर लोकर, कोमट पाणी, थोडा साबण, आणि तळहातांत पाच मिनिटं लाडू वळतो तशी वळा. घट्ट गोळी झाली तर जमेल. सुटी, काटेरीच राहिली तर त्यात पोकळ केसांचं प्रमाण जास्त आहे, तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकत नाहीत. मग तिसरा हिस्सा मऊ लोकर मिसळून पुन्हा बघा, किंवा राठ लोकर खाली आणि मऊ वर असा दोन थरांचा करा.

भिंतीत, छतात ऊबरोधक म्हणून भरू का, असं बरेच जण विचारतात. लोकर त्या कामाला उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण कारखान्यातला माल धुतलेला, किडीविरुद्ध प्रक्रिया केलेला आणि बसू नये म्हणून बांधलेला असतो. घरची कच्ची लोकर छतात कोंबलीत तर दोन वर्षांत ती खाली बसते आणि घरभर कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, होते. मी कोणालाच हा सल्ला देत नाही.

कसरीचा विषय निघालाच आहे तर तुमच्या त्या पाच पोत्यांकडे आजच एकदा बघा. ती प्लास्टिकची असतील तर आतली लोकर घामेजून पिवळी पडली असणार, कापडी किंवा कागदी पोत्यांत हलवा. तळाशी वाळूसारखे कण, रेशमी जाळ्या किंवा भाताच्या शितासारख्या पांढुरक्या अळ्या दिसल्या तर कसर लागली आहे. तिला घामाची, मुताची घाण लोकरच जास्त आवडते. तसं पोतं घरात आणू नका, निवडत बसू नका, सरळ पिंपात बुडवा आणि मातीला द्या. चांगला वाटणारा थोडा माल वाचवायचा असेल तर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवा.

पुढच्या हंगामात एवढं करा, कातरणीच्या काही दिवस आधी शेपटीभोवतीची आणि मागच्या पायांची लोकर वेगळी काढून टाका. कातरणाऱ्याला सांगा, सुटलेल्या जागी पुन्हा कात्री फिरवू नको, राहिलं तर राहू दे. जमीन झाडून घ्या आणि शेजारी तीन रिकामी पोती मांडा, मातीचं, भरायचं आणि विणायचं. पोटाची लोकर सुटल्या सुटल्या दुसऱ्या पोत्यात. औषध कधी घातलं ती तारीख पोत्यावरच लिहून ठेवा. ती तारीख मला आत्ताही हवी आहे. ती कळवलीत की पिंपाचं पाणी झाडांना घालायचं की नाही, ते सांगते.